सातबाऱ्यावरची नवी शर्त आणि नामदार गोखले

कपाटातला किंवा ट्रंकेतला आपला सातबारा काढा आणि वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते तिथे नजर टाका. बहुतेकांच्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग १ असे असेल. काहींच्या उताऱ्यावर मात्र वर्ग २ असेल, जुनी माणसे त्याला नवी शर्त म्हणतात. ही जमीन तुम्ही कसायची, पिकवायची, पोराबाळांना ठेवायची, पण विकायची म्हटली की सरकारची परवानगी. फिरतीवर असताना शिरूरच्या पूर्व भागात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला थेट विचारले होते की, साहेब, ही अट घातली कोणी? मी म्हणालो, सरकारने. त्यावर तो म्हणाला की ते मलाही ठाऊक आहे, पण कोणत्या सरकारने आणि कशासाठी?

खरे सांगायचे तर मला उत्तर आले नाही. मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस. बियाणे, खते, कीडनाशके यांचे विचारा, सांगतो. इतिहास शाळेत सुटला. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढे वाचत गेलो तेव्हा पाटस, करडे, सुपे या आपल्या ओळखीच्या गावांवरून जाणारी वाट थेट नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापाशी पोचली. गोखल्यांचा फोटो आपण शाळेच्या भिंतीवर पाहिलेला असतो. पुणेरी पगडी, उपरणे, चष्मा. गांधीजींचे गुरू, एवढे एक वाक्य आपल्याला पाठ असते. हा माणूस विधिमंडळात उभा राहून शेतसारा, मीठ, सावकारी आणि शाळा यांवर आयुष्यभर भांडला, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.

आता आधी आपल्या भागाचे बघू, कारण त्याशिवाय गोखल्यांचे म्हणणे कळायचे नाही.

१८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार शेतकऱ्याच्या दारात येऊन पैसे देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी पैमाशी संपून नवी आकारणी सुरू झाली आणि शेतसारा चढला. सारा रोखीत, तोही ठरलेल्या तारखेला. पीक येवो न येवो. मग सावकाराशिवाय दुसरे दार कोणते? कर्जरोख्यावर अंगठा, व्याजावर व्याज, आणि शेवटी कोर्टाचा हुकूमनामा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात अशाच एका हुकूमनाम्यावरून गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि त्यांनी सावकारांची घरेदुकाने फोडून वह्या आणि कर्जरोखे यांची होळी केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचे दौंड आणि बारामती हे दोन्ही भाग त्या भीमथडीत येत. वणवा शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेला. शेकडो लोकांना अटक झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता. कागद हाती आला की बहुतेक ठिकाणी गर्दी पांगत असे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आणला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, रोख्यामागचा खरा व्यवहार काय आहे हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. कायदा चांगला होता. पण सावकार कायद्यापेक्षा हुशार. त्याने गहाणखत सोडले आणि सरळ खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडले की जमीन परत देईन, हे फक्त तोंडी. हा प्रकार तुमच्या ओळखीचा वाटतो का? मला तरी वाटतो.

सुप्याचा दंगा झाला तेव्हा गोपाळ गोखले नऊ वर्षे तीन दिवसांचे होते. जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक गावी. वडील कागल संस्थानात नोकरीला. १८७९ साली वडील वारले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर आला. त्यांना महिना १५ रुपयांची नोकरी लागली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवत. पैशाचा हिशेब या माणसाला पुस्तकात शिकावा लागला नाही. १८८४ साली बी. ए. झाले आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित शिकवत, इंग्रजी शिकवत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवत. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून खूप वर्षे चालले.

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे भेटले. रानडे म्हणजे कडक मास्तर. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी गोखल्यांनी काही लिहावे आणि रानड्यांनी ते पुन्हा लिहायला लावावे, असे चाले. सरकारी अहवाल, महसुलाचे तक्ते, दुष्काळाचे आकडे हे सगळे वाचायची सवय त्यांना तिथे लागली. दुसरे एक गुरू होते, त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले शिक्षक. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले जोशी वेगळे, गल्लत करू नका. या जोशी मास्तरांना अर्थखात्याच्या आकड्यांचे जबरदस्त वेड. पुढे कलकत्त्यात गोखले जी भाषणे करीत त्यामागची टिपणे अनेकदा या मास्तरांची असत. सरकारी नोकर असल्यामुळे पुढे यायची सोय नव्हती. ही गोष्ट वाचून मला, का कोण जाणे, फार बरे वाटले.

१८९७ साली गोखले लंडनला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. वय अवघे तीस. साक्ष उत्तम झाली, नाव झाले, आणि लगेच घात झाला. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि घरतपासणी करणाऱ्या गोऱ्या सोल्जरांबद्दल पुण्याहून मित्रांची पत्रे त्यांना येत होती. त्यातल्या अत्याचारांच्या हकिकती त्यांनी विलायतेत जाहीर सांगितल्या. पुरावा मागितला गेला, तेव्हा देता आला नाही. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे उघड करणे त्यांना पटले नाही. मुंबईला उतरल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची फार छीथू झाली. माफी मागायला हवी होती की नको यावर आजही लोक वाद घालतात. मला त्या वादात शिरायचे नाही. पण त्यानंतर हा माणूस हातात कागद असल्याशिवाय सभागृहात बोलायला उभा राहिला नाही, एवढे नक्की. पुढच्या अठरा वर्षांत त्यांचा आकडा खोटा पाडणे भल्याभल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जड गेले.

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. मतदारसंघ कोणता, तर मध्य विभागातल्या लोकल बोर्डांचा. याआधी याच जागेवर लोकमान्य टिळक होते. म्हणजे पुणे जिल्ह्याचे, पर्यायाने शिरूर आणि भीमथडीचे ते प्रतिनिधी. अर्थात करड्याच्या किंवा पाटसच्या शेतकऱ्याला मत नव्हते. बोर्डाच्या सभासदांनाच मत. आणि निवडून गेले तरी कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत पक्के असे. तेव्हा ठराव जिंकणे हा प्रश्नच नव्हता.

१८९६ आणि पुन्हा १८९९ असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले होते. जनावरे गेली, माणसे गेली, साऱ्याची थकबाकी डोंगरासारखी साचली. अशा वेळी ३० मे १९०१ रोजी सरकारने कौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात म्हटले होते की, सारा थकल्यामुळे जी जमीन सरकारजमा होईल ती शेतकऱ्याला परत देताना विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन देता येईल. हेतू सांगितला तो असा की, जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आज वर्ग २ मध्ये अनेक निरनिराळ्या कायद्यांच्या जमिनी येतात, पण कसायला पूर्ण आणि विकायला मनाई, या नव्या शर्तीचा पाया मुंबई इलाख्यात १९०१ च्या या कायद्यात घातला गेला.

ऐकायला चांगलेच वाटते, नाही का? सुप्याच्या दंग्यानंतर हेच तर हवे होते, असे कोणीही म्हणेल. पण गोखल्यांनी विरोध केला आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, दुष्काळामुळे आज जवळजवळ सगळेच थकबाकीदार आहेत. तेव्हा हा कायदा मोजक्या बुडालेल्यांना नव्हे, तर वाटेल त्याला लागू करता येईल. दुसरा मुद्दा पतीचा. सावकार जमिनीच्या तारणावर पैसे देतो. जमीन सरकारजमा झाली की त्याचे तारण एका रात्रीत पुसले जाणार. हे एकदा दिसले की तो कोणालाच जमिनीवर पैसे देणार नाही, उभ्या पिकावर देईल आणि दुप्पट व्याज लावेल. बैल मेला, बियाणे नाही, अशा वेळी शेतकऱ्याने जायचे कुठे? तिसरा मुद्दा मालकीचा. पूर्ण हक्काचा शेतकरी हळूहळू सरकारचे कूळ होणार. आणि चौथी गोष्ट, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोखल्यांनी नुसता नकार दिला नाही. प्रयोगच करायचा तर एखादा लहान भाग निवडा, तिथल्या बुडालेल्या शेतकऱ्यांची कर्जे सरकारने सावकाराशी तडजोड करून अंगावर घ्यावीत, शेतकी बँक काढून रास्त व्याजाने पैसा पुरवावा, आणि मग खुशाल विक्रीबंदी घालावी, असे ते म्हणाले. पर्याय आधी, बंदी नंतर.

शेतकी बँकेची कल्पना हवेतली नव्हती. सर विल्यम वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० नंतर आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात अशी बँक काढायची योजना आखली होती. इकडच्या सरकारने उचलून धरली, लंडनने नाकारली. ती त्या वेळी झाली असती तर भीमा आणि घोडनदीच्या काठी पुढच्या पिढ्यांचे काय झाले असते, हा विचार मनात येतो.

गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांचे सरकार ऐकायला तयार नव्हते. विरोध करणारे सावकारांचे कैवारी आहेत, असाही सूर निघाला. वर्तमानपत्रांनी, सभांनी आणि अर्जांनी मुदत मागितली होती, तीही दिली नाही. ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यात कौन्सिलची बैठक भरली. विधेयक पुढे ढकलण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून गोखले, भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख आणि दाजी आबाजी खरे. असा सभात्याग तोवर या देशात ऐकिवात नव्हता. गोखल्यांसारख्या मवाळ माणसाने तो करावा याचे सगळ्यांनाच नवल वाटले. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

मग गोखले बरोबर होते की सरकार? गेली काही वर्षे रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी या पट्ट्यात जमिनी कशा गेल्या ते आपण पाहिले आहे. वर्ग १ ची जमीन एका सहीने गेली, पैसा आला, गाडी आली, बंगला झाला आणि दहा वर्षांनी पोरगा त्याच जागेवरच्या कंपनीत कंत्राटी कामगार. तेव्हा वाटते, विकायला बंदी असती तर बरे झाले असते. उलट वर्ग २ वाला माणूस मुलीच्या दवाखान्यासाठी एक एकर काढायला निघतो आणि परवानगीच्या फायलीमागे वर्ष घालवतो, शेवटी साठेखतावर निम्म्या भावात कोणाला तरी देऊन टाकतो. तेव्हा गोखले आठवतात. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड याआधीच लिहिला होता आणि त्यांना सावकार, भट-कामगार आणि गोरा साहेब तिघेही एकाच माळेचे दिसले होते. गोखल्यांनी नांगर धरला नव्हता, सावकारापुढे पागोटे काढून उभे राहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. सावकाराच्या जुलमाचे वजन त्यांच्या भाषणात कमी पडते, असे मला वाटते. पण पर्याय आधी आणि बंदी नंतर, हे त्यांचे म्हणणे मी मानतो. आमच्या खात्याच्या कित्येक योजना नेमक्या याच क्रमाच्या उलट आल्या आणि फसल्या.

त्याच वर्षी गोखले मोठ्या कौन्सिलात, म्हणजे कलकत्त्याच्या व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात गेले आणि मरेपर्यंत तिथे राहिले. आजच्या लोकसभेचा तो पूर्वज म्हणा, पण फारच दुबळा पूर्वज. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलायचे, मतदान नाही, दुरुस्ती नाही. ठराव मांडायचा हक्क १९०९ च्या कायद्यानंतर मिळाला. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन.

२६ मार्च १९०२. अर्थमंत्र्यांनी सुमारे ७ कोटी रुपये शिल्लक दाखवली होती. सभासद एकामागून एक अभिनंदन करीत होते. गोखले उठले आणि म्हणाले की या अभिनंदनात आपल्याला भाग घेता येत नाही. देशात लागोपाठ दुष्काळ, माणसे अन्नाविना मेलेली आणि तिजोरीत शिल्लक, हे सुबत्तेचे लक्षण नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचे लक्षण आहे, असा त्यांचा रोख होता.

हिशेब त्यांनी असा मांडला. रुपया चांदीचा, विलायतेतला खर्च सोन्यात. चांदी उतरत गेली तेव्हा विलायतेला पाठवायला जास्त रुपये लागू लागले, म्हणून १८८५ नंतर एकामागून एक कर वाढवले. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवला. तूट संपली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. ती शिल्लक इथून आली. आणि यात शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान. एक तर सारा चढ्या रुपयात भरायचा. दुसरे, त्याची बचत म्हणजे बायकोच्या अंगावरचे चांदीचे दागिने. पूर्वी चांदी टांकसाळीत नेली की रुपये पाडून मिळत. आता ती सोनार सांगेल त्या भावाने विकायची. दुष्काळात वाळे, तोडे विकायला निघालेल्या बाईला हे गणित कोणी समजावून सांगितले नसेल, पण तोटा तिचाच झाला.

मिठाचेही तसेच. १८८८ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. मण म्हणजे साधारण ३७ किलो. गोखल्यांनी वर्षावर्षाचे आकडे ठेवून दाखवले की कर चढल्यावर मीठ खाणे कमी झाले आहे. गरीब माणूस मीठ तरी कशातून कमी करणार? भाकरीतून आणि जनावरांच्या आंबोणातून. हा विषय त्यांनी सोडला नाही. दरवर्षी मार्च महिना आला की गोखले, अंदाजपत्रक आणि मीठ. १९०३ साली कर आठ आणे उतरला, १९०५ साली पुन्हा आठ आणे, आणि १९०७ साली मणाला एक रुपयावर आला. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ साली पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. एकही मत हाती नसताना हे झाले. सगळे श्रेय त्यांच्या एकट्याचे म्हणता येणार नाही, पण अंदाजपत्रक तयार करताना पुण्याचा हा प्राध्यापक काय विचारील याची धास्ती अर्थखात्याला असे. लष्कराचा खर्च कमी करा, आगगाड्यांच्या बरोबरीने पाटबंधाऱ्यांना पैसा द्या, शिल्लक शाळांवर आणि आरोग्यावर खर्च करा, हेही त्यांनी वर्षानुवर्षे मांडले.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या गावच्या सोसायटीचा हा मूळपुरुष. गोखल्यांनी स्वागत केले, पण दोन उणिवा दाखवल्या. जुने कर्ज फेडायची काही सोय नाही, तेव्हा जो आधीच बुडालेला आहे त्याला या सोसायटीचा उपयोग काय, ही पहिली. दुसरी अशी की सुट्यासुट्या गावसंस्था टिकणार नाहीत, त्यांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती बँक वर हवी. १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना वाट मिळाली आणि १९१७ साली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. पहिली उणीव मात्र आज कोणत्याही सोसायटीच्या सचिवाला विचारा. थकबाकीदाराला नवे कर्ज नाही, आणि नवे कर्ज नाही म्हणून तो पुन्हा सावकाराच्या दारात.

याच काळात १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, त्याच वर्षाअखेर बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. टिळकांशी त्यांचे जमले नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी पुन्हा लिहीत नाही.

दोन लढाया मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली गिरमिटियांची. पाच वर्षांच्या करारावर गरीब माणसांना नाताळ, फिजी, वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवर नेत. करार मोडला तर तुरुंग. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळसाठी अशी भरती बंद करावी असा ठराव मांडला आणि सरकारने तो मान्य केला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. २२ विरुद्ध ३३ मतांनी तो पडला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन गांधीजींबरोबर फिरले. भरती १९१७ साली थांबली, तेव्हा ते हयात नव्हते.

दुसरी लढाई शाळेची. १९११ च्या खानेसुमारीत शंभर माणसांत वाचता-लिहिता येणारी सहाच्या आसपास. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण विधेयक मांडले. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जातात तिथे लोकल बोर्डाने किंवा म्युनिसिपालटीने ठरवले तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची. खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा बोर्डाने उचलायचा. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या बापाला फी नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी हे करून दाखवले होते, त्याचा दाखला त्यांनी दिला. आणि एक कलम असे होते की आजारपण, घरची अडचण, तसेच शेतीच्या हंगामाची निकड असेल तर गैरहजेरी माफ. प्राध्यापक असून त्यांना पेरणी आणि काढणी ठाऊक होती!

विधेयक देशभर मतासाठी फिरले. १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोकांना सक्ती आवडणार नाही, ही सरकारची कारणे. काही जमीनदार सभासदही सरकारकडे गेले. शिकलेले पोर मळ्यात राबणार नाही ही भीती बोलायची नसली तरी होती. हरणार हे गोखल्यांना आधीच माहीत होते आणि त्यांनी ते सभागृहात मोकळेपणाने सांगितलेही. बाजूने १३, विरुद्ध ३८. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुंबई इलाख्यात १९१८ साली म्युनिसिपालट्यांपुरता आणि १९२३ साली लोकल बोर्डांसाठीही कायदा झाला. सगळ्या देशासाठी मुलांच्या शिक्षणाचा हक्क लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. आणि आजही केडगाव-यवत भागातल्या गुऱ्हाळांवर आणि उसाच्या फडात दिवाळीनंतर जी मुले दिसतात त्यांच्या बाबतीत हंगामाची निकड हे कलम अजून चालूच आहे.

मधुमेहाने गोखले खंगत गेले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८. जन्मभर विरोधात राहिलेले टिळक स्मशानात आले आणि त्यांच्याविषयी आदराने बोलले.

आता त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मी पुन्हा गेलो ते सांगतो. सगळी हकिकत त्याला सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला की पोराने गेल्या साली गरजेपोटी एकाकडून पैसे घेतलेत आणि तारण म्हणून अर्ध्या एकराचे खरेदीखत करून दिले आहे. ती जमीन वर्ग १ ची होती. पैसे दिले की परत करतो म्हणालाय तो. लेखी काही नाही.

अशी वेळ ज्यांच्यावर आली असेल त्यांनी गप्प बसू नये. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ नुसार सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन परत मिळण्यासाठी तक्रार करता येते. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, चौकशी होऊन निर्णय जिल्हा उपनिबंधक देतात. खरेदीखताची प्रत, फेरफार, सातबारा, पैसे दिल्या-घेतल्याची बँकेतली नोंद किंवा साक्षीदार, जे असेल ते जोडा. आम्ही त्या म्हाताऱ्याचा अर्ज मागच्या महिन्यात दिला. पहिली तारीख अजून लागायची आहे.